आशा पुथली यांचा विसर का?

परदेशात नाव काढलेल्या कलावंतांवरचा पुरवणीतला लेख आवडला. पण गाडी नेहमीप्रमाणे सतार-तबल्यापाशीच थांबली. मुंबईत जन्मलेल्या गायिका आशा पुथलींचा साधा उल्लेखही नाही! शास्त्रीय गाणं शिकलेली ही मुलगी अमेरिकन नर्तिका मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यसंस्थेची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला गेली. पुढे अमेरिकन जाझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन' या अल्बममध्ये दोन गाणी गायली. कोलमनची चाल म्हणजे वाद्यं आपापल्या वाटेनं निघालेली, ठेका सापडणं मुश्कील. त्यातून या बाईंचा आवाज लांब, सलग सूर धरून निघतो. मला तिथं आलापाची तालीम स्पष्ट ऐकू येते. जाझवाल्यांचं मत काही का असेना!

१९७६चं त्यांचं 'स्पेस टॉक' हे गाणं न्यूयॉर्कच्या डिस्कोत वाजलं, पुढच्या पिढीतल्या रॅपर्सनी त्याचे तुकडे उचलले. आपल्याकडे मात्र आशा म्हटलं की एकच नाव आठवतं (तेही रास्तच म्हणा). पुथलींच्या मुंबईतल्या दिवसांवर, इथल्या तेव्हाच्या जाझ मंडळींवर कुणा जाणकाराकडून सविस्तर लिहून घ्यावं, ही विनंती.

— एक वाचक, गिरगाव