भाड्याच्या गाडीच्या टोलचा हिशोब मिळायला हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळच्या सुट्टीत आम्ही घरची सहा माणसं नागपूरहून लोणार आणि शेगावला जाऊन आलो. थोरल्या ताईला गजानन महाराजांचं दर्शन घ्यायचं होतं. ती 74 वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे, बसमध्ये चढणं-उतरणं तिला जमत नाही. आमची घरची गाडी पाच जणांची, त्यातही पाचव्याने अंग चोरून बसायचं. म्हणून मुलाने तीन दिवसांसाठी सात जणांची गाडी भाड्याने घेतली, ड्रायव्हर न घेता. अशा गाड्या आता नागपुरात पुष्कळ दिसतात, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत नंबर असतो. गाडी चांगली होती, दर्शन शांतपणे झालं, नातवंडांनी लोणारचं सरोवर पाहिलं. माझं म्हणणं टोलबद्दल आहे.

गाडी ताब्यात देताना तिथल्या मुलाने चारही बाजूंनी फोटो काढले, जुने ओरखडे एकेक करून दाखवले, डिझेलचा काटा कुठे आहे ते लिहून सही घेतली. काचेवरच्या फास्टॅगकडे बोट दाखवून म्हणाला, "टोल याच्यातूनच जाईल, नंतर डिपॉझिटमधून वळता करून घेऊ." डिपॉझिट 5,000 रुपये. टॅगमध्ये किती पैसे आहेत हे त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मी 31 वर्षं सरकारी कार्यालयात लेखा शाखेत काढली, पण हे विचारायचं मला त्या दिवशी सुचलं नाही.

सकाळी नागपूरजवळच्या शिवमडक्याला समृद्धी महामार्गावर चढलो. या रस्त्यावर चढताना टोल कापला जात नाही. आत येताना टॅग फक्त वाचला जातो आणि ज्या इंटरचेंजला, म्हणजे महामार्गाच्या चढ-उताराच्या ठिकाणी, आपण उतरतो तिथे अंतराप्रमाणे पैसे कापतात, मोटारीला किलोमीटरमागे 2 रुपये 6 पैसे. त्यामुळे खात्यात पैसे कमी असले तर ते कळतं अडीचशेच्या वर किलोमीटर गेल्यावर, थेट उतरण्याच्या नाक्यावरच्या आडव्या दांड्यासमोर. मेहकरला आमचं तसंच झालं. दांडा उठेना. नाक्यावरचा मुलगा खिडकीशी आला आणि म्हणाला, "काकू, टॅग लाल दाखवून राहिला. बॅलन्स नाही जी यात."

मागे दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या. मुलाने गाडी बाजूला घेतली, मोबाईलवर गाडीचा नंबर टाकला आणि स्वतःच्या खात्यातून त्या टॅगमध्ये 1,000 रुपये भरले. दुसऱ्याच्या टॅगमध्ये असे पैसे कोणालाही भरता येतात, बँक आणि गाडीचा नंबर माहीत असला की झालं. पण भरल्याचा निरोप जातो टॅग ज्याच्या नावावर आहे त्याच्या मोबाईलवर. टोल कापल्याचाही तिकडेच. नाक्यावरच्या यंत्राला नवी शिल्लक दिसेपर्यंत काही मिनिटं गेली. तोवर ताई मागच्या सीटवरून तिसऱ्यांदा विचारत होती, "काय झालं गं?" शेवटी दांडा उठला. माझ्या वहीत मी लिहून ठेवलं: मेहकर, टॅगमध्ये भरले 1,000.

परतताना आम्ही अकोला-अमरावती मार्गे आलो. अकोल्याकडून अमरावतीकडे येणारा हा रस्ता फार सुंदर झाला आहे. जून 2022 मध्ये याच रस्त्यावर सलग 75 किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला, ते नातवाने शाळेत ऐकलं होतं आणि मोठ्या अभिमानाने आम्हाला सांगितलं. पण अमरावतीच्या पुढे नांदगाव पेठच्या नाक्यावर पुन्हा तेच. टॅग लाल. दोन दिवसांपूर्वी भरलेल्या 1,000 रुपयांमधून मेहकरचा टोल आणि वाटेतले नाके वजा केले तरी पैसे उरायला हवे होते, मी वहीत बेरीज करून पाहिली होती.

मागे भरलेला ट्रक उभा होता आणि हॉर्न देत होता. आणखी पैसे परक्याच्या टॅगमध्ये टाकायला मुलगा तयार नव्हता, आणि ते बरोबरच होतं. 15 नोव्हेंबर 2025 पासून राष्ट्रीय महामार्गावर असा नियम आला की टॅग नसला किंवा चालत नसला तर यूपीआयने टोलच्या सव्वापट आणि रोखीने दुप्पट द्यायचे. 100 रुपयांचा टोल असेल तर 125 किंवा 200. आम्ही यूपीआयने सव्वापट भरले आणि पावती घेतली. नाक्यावरच्या माणसाची यात काहीच चूक नव्हती. त्याला समोर टॅग लाल दिसत होता, नियमाने त्याने घ्यायचे तेवढेच घेतले. तिथून गाडीच्या मालकांना फोन केला, त्यांनी पैसे भरले असावेत, कारण पुढचे कारंजा आणि गोंडखैरीचे नाके सुरळीत गेले.

गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी 11 वाजता परत केली. आठवड्याने डिपॉझिट परत आलं तेव्हा बिलात एकच ओळ होती: टोल आणि सेवा शुल्क, 1,790 रुपये.

मी लेखा शाखेत होते तेव्हा अशा एका ओळीचं बिल आम्ही आल्या पावली परत पाठवत असू. कुठला टोल, कुठल्या तारखेचा, सेवा कसली, काहीच नाही. माझ्या वहीतल्या आकड्याशी ते जुळेना. म्हणून एक दिवस सकाळी उठून त्यांच्या कार्यालयात गेले. काउंटरवर पंचविशीतला एक मुलगा होता, चांगला होता, मला आधी बसायला खुर्ची दिली. मी वही उघडली. त्याने जरा विचार केला आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

त्या पडद्यावर सगळं होतं. तारीख, वेळ, नाक्याचं नाव, रक्कम. प्रत्येक टोल, मिनिट-सेकंदासकट. म्हणजे हिशोब त्यांच्याकडे आयता तयार होता आणि आम्हाला मात्र एक ओळ. त्या यादीत भंडारा रोडच्या माथनी नाक्याची एक नोंद होती. आम्ही भंडारा रोडला गेलोच नव्हतो. वेळ पाहिली तर गाडी परत केल्याच्या दिवशीची, संध्याकाळची. आमच्यानंतर गाडी नेलेल्या कोणाचा तरी टोल आमच्या डिपॉझिटमधून गेला होता. आणि मेहकरला भरलेले 1,000 रुपये आमच्या नावावर कुठेच जमा नव्हते.

ते गेले कुठे, असं मी विचारलं. तो म्हणाला, "काकू, आमच्या सगळ्या गाड्यांचं वॉलेट एकच आहे. एका गाडीत टाकले की सगळ्यांत जातात." तेव्हा मला नांदगाव पेठचं कोडं उलगडलं. आम्ही लोणारला सरोवराकाठी उभे होतो तेव्हा आमच्या पैशांतून दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीचे टोल कापले जात होते, आणि आमच्या वेळेला ते खातं रिकामं झालेलं होतं. सेवा शुल्क कशाचं, तर टोल हाताळण्याचं. ज्या टॅगमध्ये दोनदा पैसे नव्हते, तो हाताळण्याचं शुल्क.

भंडारा रोडची रक्कम त्या मुलाने लगेच परत करून दिली, हे मला नमूद केलं पाहिजे. 1,000 रुपये आणि नांदगाव पेठला जास्तीचे गेलेले पैसे यांबाबत मुख्य कार्यालयाला ईमेल करा म्हणाला. ईमेल केला त्याला आज बारा दिवस झाले, उत्तर नाही.

शेजारच्या भाऊंना हे सांगितलं तर ते म्हणाले, "तुमच्या गाडीला वार्षिक पास आहे ना, तोच टॅग काढून त्या गाडीला लावायचा." पुष्कळांना असं वाटतं, म्हणून लिहिते. तो वर्षभर किंवा 200 फेऱ्यांचा पास 15 ऑगस्ट 2025 पासून आला, तेव्हा 3,000 रुपयांना होता, पण तो ज्या गाडीच्या नंबरावर घेतला तिथेच चालतो आणि फक्त खासगी मोटारीला मिळतो. काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाडीला नाही. शिवाय तो राष्ट्रीय महामार्गांपुरता आहे, समृद्धीवर त्याचा उपयोग नाही. आणि काचेवर न चिकटवता हातात धरलेले टॅग तर आता काळ्या यादीत टाकतात, म्हणजे ते चालत नाहीत. भाड्याने गाडी घेणाऱ्याकडे त्या गाडीच्या टॅगशिवाय दुसरा मार्ग नाही, आणि त्या टॅगवर त्याचा कसलाच ताबा नाही. चुकीचा टोल कापला गेला तरी तक्रार टॅगधारकाने त्याच्या बँकेकडे करायची असते. टॅगधारक मालक, पैसे भरणारे आम्ही.

फेब्रुवारी 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला, त्यापूर्वी हा प्रश्न नव्हता. नाक्यावर रोख पैसे द्यायचे, पावती घ्यायची, ज्याने दिले त्याच्या हातात कागद. भाड्याच्या गाड्यांसाठी केंद्राची 'रेंट अ कॅब' योजना आहे ती 1989 सालची, मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 75 खालची. ती आली तेव्हा काचेवरचा टॅग कोणाच्या स्वप्नातही नव्हता. फास्टॅग सक्तीचा झाला ते चांगलंच झालं, रांगा कमी झाल्या, सुट्या पैशांची कटकट गेली, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. पण भाड्याच्या गाडीत पैसे एकाचे आणि टॅग दुसऱ्याचा, याचा विचार नियमांत कुठेतरी व्हायला हवा होता.

परिवहन खात्याला माझी कळकळीची विनंती आहे. गाडी देताना जसा डिझेलचा काटा लिहून घेतात, तशी टॅगची शिल्लकही करारात लिहिली जावी. परत घेतल्यावर बिलासोबत नाक्यांची यादी तारीख-वेळेसकट दिली जावी, कारण ती यादी त्यांच्या पडद्यावर असतेच, एक बटण दाबायचं काम आहे. टॅगमध्ये पैसे नाहीत म्हणून सव्वापट किंवा दुप्पट भरावं लागलं तर जास्तीची रक्कम मालकाने सोसावी, कारण खातं भरलेलं ठेवणं त्याच्या हातात आहे. हे परवान्याच्या अटींतच यायला हवं, मालकाच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. बँकांनीही पाहावं की जितके दिवस गाडी भाड्याने आहे तितके दिवस टोल कापल्याचा निरोप गाडी घेणाऱ्याच्या मोबाईलवरही जाऊ शकेल का. तो निरोप आला असता तर नांदगाव पेठच्या कितीतरी आधी आम्हाला कळलं असतं की आपले पैसे कोणीतरी वापरतंय.

तोवर ज्यांना लग्नाला, देवदर्शनाला अशी गाडी घ्यायची आहे त्यांनी एवढं करावं. गाडीच्या नंबरवरून टॅग चालू आहे की काळ्या यादीत, हे एनपीसीआय या फास्टॅगची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतं, ते निघण्याआधी पाहावं. शिल्लक मात्र तिथे दिसत नाही, ती गाडी देणाऱ्याला त्याच्या मोबाईलवर उघडून दाखवायला सांगावी आणि त्याचा फोटो काढून ठेवावा. खातं एका गाडीचं की सगळ्या गाड्यांचं मिळून, हेही विचारावं. सगळ्यांचं असेल तर त्यात आपले पैसे टाकू नयेत. गाडी परत केल्याची वेळ लिहून सही घ्यावी. माझ्याकडे ती सही होती म्हणूनच भंडारा रोडचा टोल परत मिळाला.

नांदगाव पेठच्या पावतीची झेरॉक्स या पत्रासोबत जोडली आहे. मूळ पावती त्या गुळगुळीत कागदाची आहे, तिच्यावरची अक्षरं आतापासूनच फिकट होऊ लागली आहेत, म्हणून झेरॉक्सवर रक्कम आणि तारीख मी पेनाने ठळक केली आहे. मुख्य कार्यालयाकडून उत्तर आलं तर तेही आपल्याला कळवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त लेखा कर्मचारी,
त्रिमूर्तीनगर, नागपूर