माणसं सांभाळायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सविनय नमस्कार.

कायदा, तपास, कवायत, गोळीबाराचा सराव हे आम्हाला पोलीस प्रशिक्षणात मिळालंच होतं. हाताखालची माणसं सांभाळायला शिकवलंत ते तुम्ही, तुमच्या वर्गात. म्हणून हे जाहीर आभार.

चांगला तपास करणाऱ्याला बढती मिळते आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडे अख्खं ठाणं येतं. ड्युटी कशी लावायची, सलग बंदोबस्त करून दमलेल्या शिपायाशी कसं बोलायचं, हे त्याने वरिष्ठांकडे बघून उचलायचं असतं. वरिष्ठ ओरडणारे असले, तर ओरडणंच उचललं जातं.

न्यूयॉर्क पोलिसांनी 1994 मध्ये सुरू केलेल्या कॉम्पस्टॅटवरचं तुमचं सत्र मी विसरणार नाही. नकाशावर गुन्हे मांडायचे आणि हद्दीच्या प्रमुखाला बैठकीत जाब विचारायचा, अशी ती पद्धत. कुठे काय वाढतंय हे त्यातून वेळेवर कळू लागलं. पण पुढे, आकडे कमी दिसावेत म्हणून गुन्हे सौम्य करून नोंदवल्याचे आरोपही झाले. ही दुसरी बाजू तुम्ही तितक्याच तळमळीने शिकवलीत. साहेब जे विचारतात, तेच खाली मोजलं जातं. म्हणून आता आढाव्यात मी आकड्यांच्या आधी विचारते, की तपासाचं काय झालं हे तक्रारदाराला कोणी कळवलं का? एकाच ठिकाणाहून पुन्हा पुन्हा तक्रार का येते? सुट्या घटना निस्तरत बसण्यापेक्षा त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न शोधा, असं पोलीस कामकाजाचे अमेरिकी अभ्यासक हर्मन गोल्डस्टीन यांनी 1979 मध्येच मांडलं होतं. ते आम्हाला तुमच्यामुळे कळलं.

तुमच्या शिकवण्याचा सगळ्यात जास्त उपयोग मात्र ड्युटीचा तक्ता लावताना झाला. निर्णय मनाविरुद्ध गेला तरी तो देण्याची रीत न्याय्य वाटली तर लोक तो मानतात, हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांचा निष्कर्ष तुम्ही थेट आमच्या हजेरीपर्यंत आणलात. तक्ता आता आधीच लागतो. रात्रपाळी सगळ्यांना फिरून येते. रजा नाकारली तर कारण मी समोर बसवून सांगते. ज्याला ठाण्यात मान मिळतो, तो दारात आलेल्या माणसालाही नीट बसवून घेतो, हे मी रोज बघते आहे.

एक विनंती आहे. पुढचा वर्ग हवालदारांसाठी घ्या, आणि तोही बढतीच्या आधी. रात्री ठाण्याचा कारभार प्रत्यक्षात तेच चालवतात.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
एक ठाणे प्रभारी