बासष्टचा अहवाल आता खुला करा : संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय श्री. राजनाथ सिंह,
संरक्षण मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार.

१९६२ च्या चीन युद्धातील पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केली. त्यांचा अहवाल १९६३ मध्ये सरकारला सादर झाला आणि तेव्हापासून तो आपल्या मंत्रालयाच्या कुलपात आहे. तो प्रसिद्ध करावा, एवढ्याच विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

ही विनंती मराठीतून व्हावी याला कारण आहे. तत्कालीन संरक्षण मंत्री कृष्ण मेनन पायउतार झाल्यावर त्यांच्या जागी आलेल्या आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असे ज्यांच्याविषयी म्हटले गेले, त्या यशवंतराव चव्हाणांच्या काळात ही चौकशी झाली. २ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांनी संसदेला निष्कर्षांचा सारांश सांगितला : प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, आदेशांची साखळी, जवानांची उंचावर लढण्याची तयारी आणि अधिकाऱ्यांचे नेतृत्व, या सगळ्यांत उणिवा होत्या. मूळ अहवाल उघड केल्यास सुरक्षेला बाधा येईल आणि सीमेवरच्या सैनिकांचे मनोधैर्य खचेल, असेही त्यांनी सांगितले. पराभवाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्या घडीला चव्हाणसाहेबांचा निर्णय योग्यच होता, असे मी मानतो.

परंतु त्या पराभवाची जखम पुढे आपल्या लष्करी निर्णयांत कशी उतरत गेली, हे पाहिले म्हणजे हे मौन आपल्याला महाग पडले असे वाटू लागते. १९६१ च्या अखेरीपासून आपण लडाखमध्ये आणि नेफात (आजच्या अरुणाचल प्रदेशात) पुढे पुढे चौक्या उभारत गेलो. चौकी दिसली की चीन मोठा हल्ला करणार नाही, हे त्यामागचे गृहीतक होते. म्हणजे जरब बसवायची होती ती चौकीने, आणि त्या चौकीच्या पाठीशी ना रस्ता होता ना पुरेशा तोफा. नेफातल्या नामका चू नदीकाठी ब्रिगेडियर जॉन दळवी यांची ब्रिगेड सुती गणवेशात, तुटपुंज्या दारूगोळ्यानिशी उभी होती आणि २० ऑक्टोबर १९६२ रोजी ती काही तासांत मोडली. चिनी विमाने आपल्या शहरांवर बॉम्ब टाकतील या धास्तीने आपण हवाई दल हल्ल्यासाठी वापरलेच नाही. समोरच्याला धाक बसावा म्हणून आखलेल्या धोरणात शेवटी धाक बसला तो आपल्यालाच.

ही धास्ती युद्धाबरोबर संपली नाही. सीमेपर्यंत रस्ते नेले तर त्याच रस्त्यांनी शत्रू खाली उतरेल, या विचाराने आपण कित्येक वर्षे सीमाभाग मुद्दाम अविकसित ठेवला. तत्कालीन संरक्षण मंत्री ए. के. अँटनी यांनी २०१३ मध्ये संसदेत हे धोरण उघडपणे मान्य केले होते. तिथल्या गावांनी त्या भीतीची किंमत मोजली, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. त्याच जखमेतून नेमके उलटे वागणेही निपजले. १९६७ मध्ये सिक्कीममधील नथू ला खिंडीत चिनी सैन्याला जनरल सगत सिंग यांनी तोफांनी उत्तर दिले आणि खिंड राखली. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर पंतप्रधान वाजपेयींनी अमेरिकेच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात १९६२ च्या आक्रमणाचा दाखला होता. एकच आठवण कधी हात आखडायला लावते, कधी उगारायला लावते. कोणत्या वेळी कोणते उत्तर शहाणपणाचे ठरते, हे नुसत्या आठवणीवरून कळत नाही. मुळात कोणता निर्णय, कोणत्या टप्प्यावर, कुणाच्या सांगण्यावरून चुकला, हे कागदावर तपासावे लागते.

हे आपल्याला जमते, याचा पुरावा कारगिलने दिला आहे. त्या युद्धात हवाई दल वापरले, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, असे बंधन विचारपूर्वक घातले. नंतर त्या युद्धाचा आढावा घेणाऱ्या के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीचा अहवाल, काही मजकूर गाळून का होईना, संसदेपुढे आला. त्याने सैन्याचे मनोधैर्य खचले नाही. उलट संरक्षण व्यवस्थेतील सुधारणांची चर्चा त्यातूनच सुरू झाली.

२०१० मध्ये संसदेला सांगण्यात आले की बासष्टच्या अहवालातील मजकूर अतिशय संवेदनशील असून त्याला आजही लष्करी महत्त्व आहे. महोदय, अरुणाचलमधील ज्या सेला खिंडीचा बचाव नोव्हेंबर १९६२ मध्ये ढासळला, तिथे मार्च २०२४ पासून बारमाही बोगदा आहे. तिथले रस्ते बदलले, शस्त्रे बदलली, सैन्याची मांडणी बदलली. शिवाय अहवालाचा काही भाग २०१४ मध्ये परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला, म्हणजे ज्यांच्यापासून तो लपवायचा त्यांनी तो केव्हाच वाचला असणार.

जून २०२१ मध्ये आपणच मंजूर केलेल्या धोरणानुसार युद्धविषयक कागदपत्रे सर्वसाधारणपणे २५ वर्षांनी खुली व्हायला हवीत. या अहवालाला साठ वर्षे उलटून गेली आहेत. त्यातला एखादा परिच्छेद खरोखरच आजच्या तैनातीशी जोडलेला असेल, तर कारगिलप्रमाणे तेवढा झाकावा आणि उरलेला अहवाल दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावा. नामका चू आणि सेला येथून जे परतले नाहीत, त्यांची मुले आता सत्तरीकडे झुकली आहेत. त्यांच्या हयातीत हे व्हावे.

आपला विश्वासू,
एक मराठी नागरिक