तवसाळच्या रस्त्यावरचा बोर्ड रंगवणाऱ्या पेंटर काकांना

तीर्थस्वरूप पेंटर काकांना साष्टांग नमस्कार.

नाव छापू नकोस असं तुम्ही बजावून सांगितलंत, म्हणून ‘पेंटर काका’ एवढंच लिहिते. आमच्या भागात तेवढ्यावरही तुमचं घर सापडतं. हेच पत्र घरी आणून दिलं असतं तर ‘बरं, बरं’ म्हणत तुम्ही ते न वाचताच खिशात ठेवलं असतं. म्हणून चार लोकांसमोर लिहिते आहे. दुसरं कारण असं की, आमच्यासारखी घरात खानावळ चालवणारी, दोन खोल्या पर्यटकांना देणारी, आगळ-आमसुलं विकणारी माणसं या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत. तुम्ही आमच्यासाठी नेमकं काय केलंत ते त्यांनाही कळायला हवं.

आमचं घर हेदवीहून तवसाळच्या जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. इथली वाहतूक फेरीबोटीच्या वेळेवर चालते. खाडीपलीकडच्या जयगडहून बोट लागली की गाड्या एकामागोमाग येतात, मग बराच वेळ रस्त्यावर चिटपाखरू नसतं. रांगेतली पहिली गाडी थांबली तर मागची एखादी थांबते. पहिली निघून गेली की सगळीच जातात. त्या गाडीतल्या माणसाने सासूबाईंच्या हातचं काळ्या वाटाण्याचं सांबारं कधी चाखलेलं नसतं. चूल पाहिलेली नसते, तांब्या-भांडी किती लख्ख आहेत तेही त्याला ठाऊक नसतं. त्याला दिसतो बोर्ड, थोडं अंगण आणि पडवीतली टेबलं. तेवढ्यावर तो ठरवून मोकळा होतो की इथे बायकापोरांना घेऊन उतरावं की पुढे गणपतीपुळ्यात नाहीतर गुहागरात बघावं.

तुम्ही यायच्या आधी त्याला काय दिसत होतं? तालुक्याच्या गावातून छापून आणलेला फ्लेक्स. त्यावर छापणाऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये होते ते फोटो: पनीर, बटर नान, कांद्याच्या चकत्या लावलेली तंदुरी. मधोमध ‘फॅमिली रेस्टॉरंट’, खाली दोन मोबाइल नंबर, आणि उरलेल्या जागेत पदार्थांची नावं मुंग्यांएवढ्या अक्षरांत. नान खायला आलेली माणसं नान नाही म्हटल्यावर उठून जायची. घावणे आणि सोलकढी शोधत फिरणारी माणसं मात्र तो फ्लेक्स बघून न थांबता पुढे जायची. एका उन्हाळ्यात त्यातला लाल रंग गुलाबी झाला आणि पावसाच्या वाऱ्यात एक कोपरा फाटून फडफडत राहिला. फाटका बोर्ड लावणाऱ्याच्या घरात ताजे मासे मिळतील यावर कुणी आणि का विश्वास ठेवावा?

तुम्ही आलात तेव्हा बोर्डावर काय लिहायचं त्याचा कागद मी पुढे केला. तुम्ही तो बाजूला ठेवलात आणि म्हणालात, “बाय, आधी जेवायला वाढ, मग बोर्डाचं बघू.” जेवलात. सासूबाईंना विचारलंत, रोज हमखास काय असतं आणि बाजारावर काय अवलंबून असतं. शाकाहारी वेगळं शिजतं का, हेही विचारलंत. हेदवीच्या दशभुज गणेशाचं दर्शन घेऊन येणाऱ्यांना, त्यातून संकष्टी असली तर, हे आधी कळावं लागतं हे तुम्हाला माहीत होतं. मग माझ्या मुलाला स्कूटर काढायला लावून तुम्ही मागे बसलात आणि दोन्ही बाजूंनी आमच्या घरावरून गेलात. जेटीकडून येताना आमच्या अलीकडे वळण आहे, तिथे फणसाची फांदी आड येते. हेदवीकडून येताना घर चटकन दिसतं पण उतार असल्यामुळे गाडी वेगात असते. एवढी वर्षं इथे राहून आम्ही आमचं घर रस्त्यावरून, गाडीतल्या माणसाच्या नजरेने कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी पडवीत खडूने जमिनीवर तुम्ही मांडलेला हिशेब मला पाठ झाला आहे. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर, म्हणजे साधारण ३६ फूट पुढे जाते. अक्षर आरामात वाचता यायचं तर दर १० फूट अंतराला १ इंच उंची हवी. १५० फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षर १५ इंचांचं, आणि तरीही वाचणाऱ्याच्या हातात जेमतेम ४ सेकंद. त्यातच ब्रेकही लावायचा. ४ सेकंदांत दोन मोबाइल नंबर कोण वाचणार? म्हणून बोर्डावर सगळ्यात मोठा एकच शब्द आला: ‘जेवण’. त्याखाली ‘घरगुती, शाकाहारी व मासे’ आणि ‘घावणे, सोलकढी’. खानावळीचं नाव सगळ्यात खाली, लहान. सासऱ्यांना ते रुचलं नव्हतं, तुम्हाला आठवत असेल. त्यांना नाव वर हवं होतं. तुम्ही त्यांना शांतपणे म्हणालात, “जेवून गेलेला माणूस नाव लक्षात ठेवतो. न जेवलेल्याला नावाचा काय उपयोग?” बोर्ड भिंतीवर सपाट न लावता आमच्याच कुंपणाच्या आत रस्त्याला आडवा, दोन्ही बाजूंनी रंगवलेला उभा राहिला. जेटीच्या बाजूला वळणाअलीकडे शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या गडग्याच्या आत बाण काढलेली एक छोटी पाटीही लागली.

रंगाबद्दल मी तुमच्याकडून जे शिकले ते कुठल्या कोर्सात शिकवत असतील की नाही, देव जाणे. मला हिरवा हवा होता. तुम्ही पोफळीच्या बागेकडे बोट दाखवलंत. पावसात इथे सगळंच हिरवं, त्यात हिरवा बोर्ड शोधायचा कसा? लाल म्हटलं तर मागे जांभ्याची भिंत आणि समोर लाल माती. पांढऱ्याफेक पाटीवर दोन पावसाळ्यांत शेवाळाचे डाग पडतात. पिवळ्यावर काळं लांबून सगळ्यात छान दिसतं, पण ते बघून ‘पुढे धोका आहे’ असं वाटतं, जेवायला बोलावल्यासारखं वाटत नाही, असं तुमचं म्हणणं. शेवटी तुम्ही सायीच्या रंगाची पाटी आणि त्यावर गडद आमसुली अक्षरं ठरवलीत. तो आमसुली रंग तुम्ही रेड ऑक्साइडमध्ये थोडा काळा घालून घरीच तयार केलात, कारण बाजारातले बरेचसे भडक लाल उन्हात उडतात आणि लोखंडाच्या गंजाच्या जातीचा रंग उन्हाला दाद देत नाही. पाटीचा सायरंग मुद्दाम चकाकी नसलेला घेतलात, म्हणजे दुपारनंतर पश्चिमेचं ऊन पडलं तरी अक्षर चमकून नाहीसं होत नाही. नव्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचं तेल साबणाने धुऊन, त्याला एच प्रायमर, म्हणजे जस्तावर रंग धरून ठेवणारं अस्तर मारून, तो वाळेपर्यंत तुम्ही ब्रशला हात लावला नाहीत. पत्र्यावरच्या जस्ताशी ऑइल पेंटचं पटत नाही, थेट मारला तर पापुद्रे सुटतात, हे तुम्ही मुलाला समजावून सांगत होतात आणि मी आतून ऐकत होते. नटबोल्टसुद्धा स्टेनलेस स्टीलचे. खारी हवा पहिल्यांदा तिथूनच खायला लागते, हे होड्यांवर काम केल्याशिवाय कोणाला सुचणार?

होड्यांवरून आठवलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी सगळ्यांना नावं ताजी करून हवी असतात. लगेच मागून गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, तुमची डोळ्यांची आखणी सुरू होते. त्या धावपळीतून तुम्ही आमच्यासाठी वेळ काढलात आणि घाईने काही उरकलं नाहीत.

आता अक्षरांबद्दल. सूत मारून तुम्ही रेघा आखल्यात, तेव्हा शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या खाली भरपूर जागा मोकळी सोडलीत. मला वाटलं पत्रा वाया जातोय. मग ‘घरगुती’चा उकार आणि वेलांटी बसली तेव्हा कळलं की आपल्या अक्षराला डोकं आणि पाय दोन्ही असतात, आणि ते कोंबले की लांबून नुसता ठिपका दिसतो. ‘शाकाहारी’मधला देठाचा श आणि ‘सोलकढी’मधला पाकळीचा ल तुम्ही किती सावकाश काढलात! शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढून हीच मराठी वळणं ठरवून दिली, तरी कॉम्प्युटरवर सहज हाताशी येणाऱ्या कितीतरी फाँटमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श येतात आणि तेच छापले जातात. ते वाचता येतात, यात वाद नाही. पण आपल्या घरच्या जेवणाची पाटी आपल्या शाळेत गिरवलेल्या अक्षरात असली की पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसालाही ती ओळखीची वाटते, हे मी रोज बघते. ब्रश धुताना तुम्ही कमल शेडग्यांबद्दल बोललात. नाटकांच्या जाहिरातींतली त्यांनी काढलेली नावं तुम्ही वर्तमानपत्रातून कापून वहीत चिकटवली आहेत. नाटक हसवणारं आहे की रडवणारं, हे ते नाव बघूनच कळायचं, असं सांगताना तुमचा ब्रश हवेत थांबला होता.

दुकाने व आस्थापनांच्या २०१७च्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली, मराठी अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान चालणार नाही असंही ठरलं. चांगलंच झालं. पण कायदा अक्षराचं माप सांगतो. ते अक्षर प्रेमाने काढायला माणूस लागतो, आणि तशी माणसं आपल्याकडे असताना त्यांना विचारायला कोणी जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आमचा बोर्ड ठरत होता त्याच सुमारास थंड पेयांच्या एका कंपनीचा माणूस फुकट बोर्ड लावून देतो म्हणून आला होता. तुम्ही मला नको म्हण असं सांगितलं नाहीत. फक्त बाजारपेठेत जाऊन बघायला सांगितलंत. गेले. ओळीने तोच रंग, तीच बाटली, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात दुकानदाराचं नाव. कुठलं दुकान कोणाचं, काही कळेना. परत येऊन त्या माणसाला नको म्हणून कळवलं.

बोर्ड झाल्यावर तुमचं काम संपलं असं आम्ही समजलो. तुम्ही मात्र पडवीत येऊन बसलात आणि पाहुण्यासारखे चहूकडे बघत राहिलात. खांबावरचे जुने स्टिकर आणि मागच्या निवडणुकीचं पत्रक काढायला लावलंत. अन्नसुरक्षेचं नोंदणी प्रमाणपत्र आत फडताळाच्या मागे टांगलेलं होतं, ते हात धुवायच्या जागेजवळ आणलंत. उरलेल्या काळ्या रंगाने एक फळा करून दिलात: आज कुठले मासे आहेत आणि थाळी कितीला, रोज सकाळी खडूने. सुरमई-पापलेटचा भाव रोज बदलतो, म्हणून या किनाऱ्यावर ‘दर विचारावा’ असं लिहायची पद्धत आहे. तुम्ही म्हणालात, विचारायला लाज वाटते म्हणून माणूस उठून जातो आणि ते आपल्याला कधीच कळत नाही. आता फळ्यावर भाव बघूनच लोक खुर्ची ओढतात. पापलेट महाग असेल तर बांगडा सांगतात. कोणाचा चेहरा पडत नाही.

आणि ती छोटी पाटी, ‘महिलांसाठी स्वच्छ शौचालय आहे’. रस्त्यावरून दिसेल अशी, बाणासकट. मला ती जेवणाच्या बोर्डाजवळ कशी दिसेल अशी शंका होती. “गाडी थांबवायची की नाही हे मागच्या सीटवर ठरतं,” असं तुम्ही म्हणालात. ते खरं निघालं. कितीतरी गाड्यांतून आधी बायका उतरतात, त्या पाटीकडे जातात, हात-पाय धुऊन येतात आणि मग सगळं कुटुंब जेवायला बसतं. मुंबईहून निघालेल्या एका आजींनी जाताना माझा हात धरून सांगितलं की, ती पाटी दिसली म्हणून उतरलो. त्या आजींचा निरोप तुम्हाला पोचवायचा राहिला होता, तो या पत्रात पोचवते.

आता येणारी माणसं घावणे आहेत का, सोलकढी आहे का, असं विचारत येतात. पनीर कोणी मागत नाही. सासूबाईंना जे उत्तम येतं तेच लोक मागतात, त्यामुळे त्यांचा स्वयंपाकघरातला उत्साह बघण्यासारखा आहे. सासरे हल्ली संध्याकाळी बोर्डासमोरच्या कठड्यावर बसतात आणि थांबणाऱ्यांना तो कोणी रंगवला ते आपणहून सांगतात. नाव खाली असल्याबद्दल आता ते काही बोलत नाहीत.

मजुरी तुम्ही ठरली तेवढीच घेतलीत. फळ्याचे आणि छोट्या पाट्यांचे पैसे वर देऊ केले तर रागावलात. ते पैसे मी बाजूला ठेवले आहेत. तुमच्या हाताखाली एक-दोन मुलं शिकायला यावीत असं तुमच्या मनात आहे, हे बोलण्यात आलं होतं. आमच्या वाडीतला एक मुलगा तयार आहे, चित्रकला चांगली आहे, शाळेचे फलक तोच लिहितो. त्याचे ब्रश आणि रंग त्या पैशांतून घेईन म्हणते. हेदवीतल्या एका खानावळवाल्यांनी आणि खोल्या देणाऱ्या एका ताईंनी तुमचा नंबर मागितला आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय दिलेला नाही. गणपतींची आखणी उरकली की कळवा, मुलाला घेऊन येते. त्या दोघांचंही तेव्हाच विचारून घेईन.

आपली नम्र,
तवसाळ रस्त्यावरच्या खानावळीतली सूनबाई