झोप पाहून अंथरूण पसरायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या बुधवारी तुम्ही माझी झोपेच्या नोंदींची वही मिटून "आता नोंदी बंद केल्या तरी चालतील" असे म्हणालात, तेव्हा आभार मानायचे राहूनच गेले. बाहेर पुढचे रुग्ण ताटकळले होते आणि मला तर अशा वेळी शब्द सुचतच नाहीत. हे पत्र मुद्दाम सर्वांना वाचता येईल असे लिहितो आहे, कारण झोपेसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जातो हे मी बँकेत चार महिने कोणालाही सांगितले नव्हते. दर बुधवारी दाताच्या डॉक्टरचे निमित्त सांगत होतो. एवढे दात कोणाला असतात, हेही कोणी विचारले नाही.

सहकारी बँकेच्या हिशेब विभागात माझी सत्तावीस वर्षे गेली. दोन वर्षांपूर्वी नवी संगणकप्रणाली आली आणि मार्चअखेरीस तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाकींचा तक्ता, काही केल्या जुळेना. रात्री पाठ टेकली की डोळ्यांपुढे रकाने उभे राहत. जूनमध्ये फरक सापडला, तेरीज जुळली, झोप मात्र परतली नाही. मग घरगुती उपाय सुरू झाले: जायफळ घातलेले दूध, तळपायांना काशाच्या वाटीने तूप, रात्री साडेनऊलाच दिवे मालवणे, रविवारी दुपारी भरपाईची झोप. "भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, तुम्हाला कष्टच कमी पडतात," असे ऐकवणारेही भेटले. शेवटी एका जुन्या चिठ्ठीवर अल्प्राझोलमच्या, म्हणजे गुंगी आणणाऱ्या गोळ्या मिळत राहिल्या आणि सात महिने मी त्या घेत राहिलो.

पहिल्या भेटीत तुम्ही माझ्यापेक्षा जास्त प्रश्न माझ्या पत्नीला विचारलेत, याचे तेव्हा मला नवल वाटले होते. हे घोरतात का, घोरता घोरता श्वास थांबल्यासारखा होतो का, झोपेत पाय झटकतात का. श्वास अडकण्याचा आजार असता तर उपचाराची वाटच वेगळी झाली असती, हे तुम्ही नंतर समजावलेत. थायरॉइडची तपासणी करून घेतलीत. "औषधे लिहून देण्याचा अधिकार मला नाही आणि गोळी एकदम बंद करणे धोक्याचे आहे," असे स्पष्ट सांगून मला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलेत. त्यांनी मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवत नेली. आपल्या हद्दीबाहेरचे काम ज्याचे त्याच्याकडे सोपवणारी माणसे मला आमच्या व्यवसायातही फार भेटलेली नाहीत.

त्यानंतर तुम्ही एका कागदाच्या पाठीवर तीन चौकटी काढल्यात. निद्रानाशाची कारणे तीन प्रकारची असतात, ही आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची मांडणी तुम्ही माझ्याच उदाहरणाने भरून दाखवलीत: मुळातला काळजीखोर स्वभाव, निमित्त ठरलेली तेरीज, आणि तिसऱ्या चौकटीत मी ज्यांना उपाय समजत होतो ते लवकर आडवे होणे, दुपारची झोप व घड्याळाकडे बघणे. निमित्त केव्हाच संपले होते. झोपमोड चालू ठेवणारा मीच होतो. हे ऐकताना राग आला होता, आज कबूल करतो.

हिशेबाच्या माणसाला हिशेबानेच पटते, हे तुम्ही बरोबर ओळखलेत. पहिल्या आठवड्याच्या वहीत मी रोज सरासरी साडेआठ तास अंथरुणात होतो आणि त्यांपैकी झोप होती चार तास पन्नास मिनिटे, म्हणजे शेकडा ५७. तुम्ही म्हणालात, झोप वाढवण्याच्या मागे लागू नका, आधी अंथरुणातला वेळ कमी करा: रात्री साडेबाराच्या आत पडायचे नाही आणि सकाळी सहानंतर लोळायचे नाही, मग रात्र कशीही गेलेली असो. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण मी कर्जदारांना सांगत आलो. तुम्ही ती उलटी करून झोप पाहून अंथरूण पसरायला लावलेत. जागे राहिल्याने झोपेचा दाब साठत जातो आणि दुपारच्या डुलकीने तो गळून जातो, हे त्या धोंड्याच्या म्हणीचे खरे स्पष्टीकरणही तुमच्याकडूनच मिळाले. कष्टांचा तिथे प्रश्नच नव्हता.

ते पहिले तीन आठवडे मी विसरणार नाही. अकरा वाजताच डोळे मिटू लागत आणि साडेबारा काही वाजत नसत. टीव्ही आणि मोबाइल वर्ज्य, म्हणून मी स्वयंपाकघरात पाटावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत असे. अंगठ्याखाली टरफल कडकन फुटले की तेवढ्यापुरती जाग येई. लग्नात आलेले भिंतीवरचे घड्याळ निजायच्या खोलीतून तिथेच हलवले होते. दोन महिने पुरेल एवढा कूट झाला, असे पत्नीने एका रात्री जाहीर केले. या दिवसांत स्कूटर चालवायची नाही असे तुम्ही बजावले होते, म्हणून मी बसने जात असे आणि माझा थांबा येण्याआधी हमखास पेंगत असे.

तिसऱ्या आठवड्यात मी तुम्हाला फोन करून हे सोडतो म्हणालो, तेव्हा तुम्ही धीर दिला नाहीत, उपदेशही केला नाहीत. "एका रात्रीवरून ताळेबंद मांडू नका, सात रात्रींची बेरीज सांगा," एवढेच म्हणालात. बेरीज केली. साडेपाच तासांपैकी चार तास पंचावन्न मिनिटे झोप झाली होती, शेकडा ८९. झोपेची मिनिटे जवळपास तीच, पण सलग, तळमळीशिवाय. तेव्हापासून तुम्ही पंधरा-पंधरा मिनिटे वाढवून दिलीत आणि आता मी सव्वाअकरा ते सहा असा ठरलो आहे.

विचार आणि सवयी बदलायला लावणाऱ्या बोधात्मक वर्तनोपचाराची ही पद्धत दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून द्यावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्येच केली आहे, हे तुमच्याकडून कळले. तरीही तुमच्या दारापर्यंत पोहोचायला मला सव्वा वर्ष लागले, आणि या काळात भेटलेल्या कोणीही मला या उपचाराचे नाव सांगितले नाही, याची खंत आहे.

यंदा मार्चअखेरीस पुन्हा दोन रात्री वाईट गेल्या. तिसऱ्या दिवशी मी लवकर आडवा झालो नाही; शेंगा संपल्या होत्या म्हणून लसूण सोलला. आमच्या रोखपालांनी आता तुमची वेळ घेतली आहे आणि त्यांना मी दाताचे कारण सांगू दिलेले नाही. त्यांच्यासोबत कुटाचा एक डबा पाठवत आहे. तो मात्र अपरात्री केलेला आहे, हे लक्षात घेऊन गोड मानून घ्यावा.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
बुधवारी साडेचारच्या वेळेचा रुग्ण
सांगली