पाककृती छापताना मोरीतली भांडीही मोजा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी 'एकाच भांड्यात चिकन पास्ता' अशी पाककृती आली होती. सुरुवातीलाच 'मैत्रिणींनो' असं होतं, तरी मी ती वाचली. माझी बायको नर्स आहे आणि बुधवारी तिची दुपारपाळी असते. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कोअर शॉपला (ओतकामाच्या साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, बनवतात तिथं), पहिल्या पाळीला. त्यामुळं बुधवारचं रात्रीचं जेवण माझ्याकडं. खाणारी पाच तोंडं: आई, दोन पोरं आणि आम्ही दोघं.

कृती समोर ठेवून केली. मॅकरोनी पातेल्यात उकळून चाळणीत निथळायची. भाज्या कढईत परतायच्या. चिकन 'आधी शिजवून घेतलेलं' घ्यायचं. ते कशात शिजवलं याबद्दल एक अक्षर नाही, मी कुकरला लावलं. मग हे सगळं 'एकाच भांड्यात' एकत्र करायचं! रात्री साडेदहाला मोरीत बसून मोजलं तेव्हा पातेलं, चाळणी, चाळणीखालची परात, कुकर, कढई आणि त्या निथळलेल्या पाण्याचं टोप अशी सहा भांडी निघाली. चवीचं म्हणाल तर धाकट्यानं वरून बाटलीतला सॉस ओतून खाल्लं.

पुढच्या बुधवारी परत उकळत बसलो होतो. आई चौकटीत उभी राहून बघत होती. म्हणाली, "आरं, ह्या भोकाच्या बोटव्याच की. चकोल्यागत सोड की आमटीत. पानी कशाला वतून देतोस?"

बोटव्या म्हणजे बोटांनी वळलेल्या पिठाच्या शेवया. आईचं बरोबर होतं. चकोल्या करताना कणकेचे तुकडे कोण वेगळे उकळून निथळतं? वरण उकळलं की त्यातच सोडायचे, तिथंच शिजतात आणि वरणालाही दाटपणा येतो. आपण जे पांढरट पाणी मोरीत ओततो त्यात मॅकरोनीचा स्टार्च असतो, आणि रस्सा धरून ठेवायचं काम तोच करतो. आमच्याकडं कोअरच्या वाळूत डेक्स्ट्रिन घालतात, दाण्याला दाणा चिकटून राहावा म्हणून. तेही स्टार्चपासूनच बनतं. वीस वर्षं ते हातानं मिसळतोय, पण घरच्या पातेल्यात ही गोष्ट दिसायला आईच लागली.

आता मी करतो ते असं. चारशे ग्रॅम मटणाचा खिमा, मशीनमधून एकदाच काढलेला. दोनदा काढला की त्याचा लगदा होतो. जाड बुडाचं मोठं पातेलं, दोन पळ्या तेल, तीन कांदे लाल होईपर्यंत, मग आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण. त्यावर खिमा. इथं घाई करायची नाही. खिम्याला आधी पाणी सुटतं, पातेल्यात नुसतं फदफदतं, आणि भुकेल्या माणसाला वाटतं झालं. झालेलं नसतं. ते पाणी पूर्ण आटून बाजूनं तेल दिसायला लागलं आणि पातेल्यातला आवाज बदलून चर्र झाला, की मग दोन चमचे आपली कांदा-लसूण चटणी आणि हळद. चटणी तेलात अर्धा मिनिटच. जळली की कडू होते. मग तीन टोमॅटो, वाटीभर गरम पाणी आणि झाकण. वीस मिनिटं. तेवढ्यात गाजर चिरून होतं, मटार सोलून होतात, पोरांच्या वह्या बघून होतात.

खिमा मऊ झाला की गाजर-मटार, पाव किलो मॅकरोनी आणि पाऊण लिटर उकळतं पाणी. पाणी मॅकरोनीच्या वर बोटाच्या एका पेराएवढं दिसलं पाहिजे. पाणी गारच ओतलं तर परत उकळी येईपर्यंत मॅकरोनी भिजत पडते आणि बुडाला बसते. झाकण ठेवायचं नाही, दर दोन मिनिटांनी उलथनं बुडापर्यंत फिरवायचं. पुडक्यावर आठ-दहा मिनिटं लिहिलेलं असतं, रश्श्यात दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. ढबू मिरची शेवटच्या तीन मिनिटांत, नाहीतर तिचं साल तेवढं उरतं. मीठ अगदी शेवटी, चाखून. चटणीत आधीच असतं.

मॅकरोनी मात्र पुडक्यावर 'ड्यूरम' लिहिलेली बघून घ्यावी. ड्यूरम म्हणजे आपला बन्सी गहू, त्याचा रवा शिजूनही ताठ राहतो. मी एकदा लक्ष्मीपुरीतून सुटी आणली, मैद्याची. तिची खळ झाली. पोस्टर चिकटवता आली असती.

अजून एक चूक सांगून टाकतो. पहिल्यांदा मी पाणी पूर्ण आटवून गॅस बंद केला. आम्ही आठला जेवलो, झकास. बायको दहाला आली तेव्हा पातेल्यात वडी पडली होती, सुरीनं कापून वाढली. ती दमलेली होती, काही बोलली नाही, ते जास्त लागलं. मॅकरोनी गॅस बंद केल्यावरही पाणी पीत राहते. आता रस्सा जरा पातळ असतानाच उतरवतो आणि तिच्या वाटणीत अर्धी वाटी गरम पाणी घालून पुन्हा एक उकळी देतो.

कोल्हापुरात हे सांगणं सोपं नाही, मला कल्पना आहे. २०१९ साली मटणाच्या दरासाठी आंदोलन केलेलं हे गाव. मटणात मॅकरोनी घातली म्हटल्यावर मेव्हणा दोन दिवस फोनवर नीट बोलला नाही. त्याला सांगितलं, रविवारी तांबडा-पांढराच, त्याला कितीही भांडी लागू देत, मी घासतो. पण मधल्या वारी चारशे ग्रॅममध्ये पाच माणसं पोटभर जेवतात आणि पोरं न सांगता गाजर खातात, एवढं मला पुरे आहे.

तेव्हा विनंती अशी, की पाककृतीखाली 'वेळ' आणि 'किती जणांसाठी' छापता, तशी 'घासायची भांडी' अशीही एक ओळ छापा. आमचं उत्तर: पातेलं एक, उलथनं एक, सुरी-पाट. पाणी उकळलेला चहाचा टोप मी धरत नाही. 'गरजेनुसार पाणी' हे शब्द तर कृपा करून बंदच करा. गरज किती तेच कळत नसतं म्हणून माणूस पुरवणी उघडतो. आणि 'मैत्रिणींनो'च्या शेजारी आमच्यासाठीही एखादा शब्द बघा.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. नाव छापू नये. पातेल्याच्या बुडाची खरवड कुणाची यावरून आई आणि धाकट्यात आधीच भांडण आहे, त्यात आमच्या पाळीतले चौघं वाढायला नकोत.