स्पॅनिश बोलायला नागपुरात जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दीड वर्षापासून स्पॅनिश शिकतेय. गेल्या महिन्यात कोलंबियातल्या एका मुलीशी पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर बोलले, तिच्याकडे रात्रीचे आठ आणि आपल्याकडे सकाळचे साडेसहा, तिने एवढंच विचारलं की काल काय केलंस आणि माझ्या तोंडून एक वाक्य निघेना. भूतकाळाचे सगळे तक्ते पाठ होते, क्लासच्या परीक्षेत मार्कही चांगले होते, पण दीड वर्षात त्या वर्गात मी सलग दोन मिनिटं स्पॅनिश बोललेच नव्हते. शिकवणाऱ्यांना ती भाषा छान येते, पण सगळा तास इंग्रजीतून व्याकरण आणि रिकाम्या जागा भरा यातच जातो. दुसऱ्या क्लासला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणीचंही हेच. म्हणून हे पत्र.

त्या कॉलनंतर आम्ही दोघींनी ठरवलं की दर शनिवारी गोकुळपेठ बाजारात जायचं आणि आपसात फक्त स्पॅनिश बोलायचं. भाजीवाल्यांशी अर्थातच मराठी, पण काय घ्यायचं, किती घ्यायचं, महाग आहे का, हे सगळं आधी एकमेकींना स्पॅनिशमध्ये सांगायचं. पहिल्याच दिवशी कळलं की पुस्तकातला "किती किंमत आहे" आणि बाजारातला "आज काय भाव आहे" हे वेगळे प्रश्न आहेत. रोज बदलणाऱ्या भावासाठी स्पॅनिश माणूस "आ क्वांतो एस्ता एल किलो?" असं विचारतो, म्हणजे 'एस्तार' हे क्रियापद, जे बदलत्या अवस्थेसाठी येतं. 'सेर' आणि 'एस्तार' या दोन्हींचा अर्थ 'असणे', त्यांच्यातला फरक वर्गात मला तीन महिने कळला नव्हता, तो टमाट्याच्या ठेल्यासमोर कळला. आणि बटाट्याला स्पेनमध्ये 'पाताता', कोलंबियात 'पापा', पण 'बाताता' म्हटलं तर बऱ्याच ठिकाणी तुमच्या हातात रताळं येईल!

आता खरी गोष्ट सांगते. आम्ही बोलत होतो तेव्हा संत्री विकणाऱ्या एका काकूंनी विचारलं, "काय बोलून राहिल्या गं पोरींनो?" आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बोलून राहिल्या म्हणजे 'एस्तान आब्लान्दो'! आधी मुख्य क्रियापदाचं न बदलणारं रूप, मग राहणे, तिकडे आधी 'एस्तार' आणि मग न बदलणारं रूप, फक्त क्रम उलटा. पुण्यामुंबईचे लोक आपल्या "करून राहिलो"ला हसतात, पण मला चालू वर्तमानकाळ त्याच्यामुळेच बसला.

मग आम्ही शोधतच गेलो. "मे गुस्ता एल काफे" हे इंग्रजीतून शिकताना उलटंपालटं वाटतं, मराठीतून पाहिलं तर सरळ "मला कॉफी आवडते". वस्तू अनेकवचनी झाली की "मे गुस्तान लास मांदारिनास", तशीच आपली "मला संत्री आवडतात", क्रियापद वस्तूच्या मागे जातं. आपण "भाजी बघतेय" म्हणतो पण "आईला बघतेय" म्हणतो, माणूस आला की 'ला' लागतो, तसाच स्पॅनिशमध्ये माणसाआधी 'आ' लागतो, "बेओ आ मी माद्रे". हा नियम आम्हाला अपवाद म्हणून पाठ करायला लावला होता. उच्चाराचंही तेच, त आणि द आपल्याला जसे येतात तसेच त्यांचे आहेत, इंग्रजी वळणाचा ट कशाला काढायचा. आणि नागपूरकरांनी हे तरी लक्षात ठेवावंच की ऑरेंजसाठीचा 'नारांखा' हा स्पॅनिश शब्द आपल्या संस्कृत 'नारंग' पासून फारसी आणि अरबीतून तिकडे गेला, फक्त आपला संत्रा मात्र त्यांच्या भाषेत 'मांदारिना'.

बाजाराशिवाय मेट्रोतही करतो, लोकमान्य नगरहून सीताबर्डीपर्यंत खिडकीतून दिसेल ते सांगायचं. पण दोघीच बोलत राहिलो तर चुका कोण सुधारणार, आम्हाला कळतच नाही की काय चुकतंय. ही अडचण मोठी आहे. स्पॅनिश येतं याचा दाखला देणारी डेले परीक्षा इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेस ही स्पेनची संस्था घेते, तिच्या ए2 या सुरुवातीच्या पातळीला वाचन-लेखनाचे 50 आणि ऐकणं-बोलण्याचे 50 मार्क असतात आणि दोन्ही गटांत वेगवेगळे किमान 30 लागतात, म्हणजे वाचन-लेखनात कितीही मिळाले तरी ऐकणं-बोलणं कच्चं असेल तर नापास. बोलण्याच्या भागात फोटो बघून वर्णन करायचं असतं आणि मग परीक्षकासोबत रोजच्या प्रसंगातलं संभाषण, दुकान, हॉटेल असं काहीतरी. हे पाठ करून होत नाही.

म्हणून तुमच्या पेपरमधून विनंती आहे की शहरातल्या एखाद्या सार्वजनिक वाचनालयाने किंवा कॉलेजने रविवारी सकाळी एक तास एक टेबल आणि सहा खुर्च्या द्याव्यात. फी नको, शिक्षक नको. नागपुरात असे लोक नक्की असतील जे नोकरीसाठी स्पेन, मेक्सिको, चिलीला राहून आले आहेत, त्यांनी महिन्यातून एकदा येऊन बसलं तरी आमच्या चुका कळतील. तिथे स्पॅनिश बोलायचं, अडलं तर मराठीत विचारायचं, इंग्रजी बंद. क्लासवाल्यांनाही सांगणं आहे की तासातली शेवटची 15 मिनिटं पुस्तक मिटवून मुलांना जोडीने बोलू द्या.

टेबल मिळेपर्यंत आम्ही दोघी शनिवारी संध्याकाळी 5 नंतर गोकुळपेठ बाजारात फळांच्या बाजूला असतो, कोणाला यायचं असेल त्यांनी "ओला" म्हणजे स्पॅनिशमधलं नमस्कार म्हणावं.

आपली,
एक विद्यार्थिनी, नागपूर